प्लॅस्टिक फायबरने द्रावणाची संहती मोजणे: सरळ भागाला प्रतिसाद का मिळत नाही?

द्रवनिरीक्षक (प्रश्न)

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी ऑप्टिकल फायबरचा संवेदक वापरून द्रवाचा अपवर्तनांक आणि त्यावरून साखरेच्या व मिठाच्या द्रावणाची संहती मोजण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. मांडणी अगदी साधी आहे. एक मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिक फायबर घेतले आहे, त्याच्या एका टोकाला लाल एलईडी आणि दुसऱ्या टोकाला फोटोडायोड आहे, आणि मधल्या काही सेंटिमीटर भागावरचे काळे आवरण काढून खालचे क्लॅडिंग (प्रकाश वाहणाऱ्या गाभ्याभोवतीचा पारदर्शक थर) बारीक पॉलिश पेपरने घासून टाकले आहे. क्लॅडिंगची जागा द्रवाने घेतली की द्रवाच्या अपवर्तनांकानुसार प्रकाश कमी-अधिक प्रमाणात बाहेर पडेल, अशी त्यामागची कल्पना आहे.

हवेतून पाण्यात नेल्यावर फोटोडायोडचे वाचन बदलते. मात्र पाण्यातून दहा टक्के साखरेच्या द्रावणात नेल्यावर जवळजवळ काहीच बदल दिसत नाही, आणि जो दिसतो तो केबलला नुसता हात लागल्यावर होणाऱ्या बदलापेक्षाही लहान असतो. शिवाय द्रावणातून काढून पुन्हा शुद्ध पाण्यात ठेवले, तर पहिले वाचन परत मिळत नाही. तत्त्वच चुकते आहे का? प्लॅस्टिक फायबर सोडून थेट ब्रॅग ग्रेटिंगकडे (काचेच्या फायबरमध्ये कोरलेल्या, ठरावीक तरंगलांबी परावर्तित करणाऱ्या रचनेकडे) वळावे, असे एका सहकाऱ्याचे मत आहे. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा प्रश्न.

किरणमार्ग

तत्त्व बरोबर आहे, पण तुमच्या मांडणीत ते लागूच होत नाही. खर्चाचा विचार करण्याआधी थोडे कोन मोजून पाहावेत.

या प्रकारच्या फायबरचा कोअर, म्हणजे गाभा, पीएमएमएचा (अॅक्रिलिक प्लॅस्टिकचा) असतो आणि त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असतो. क्लॅडिंग फ्लोरिनयुक्त पॉलिमरचे असून त्याचा अपवर्तनांक १.४० ते १.४१ च्या दरम्यान असतो. म्हणजे कोअर आणि क्लॅडिंगच्या सीमेवरचा क्रांतिक कोन (सीमेच्या लंबापासून मोजलेला तो कोन, ज्याहून कमी कोनाने आदळलेला किरण बाहेर निसटतो) साधारण ७० अंश होतो, आणि तुमच्या घासलेल्या भागापर्यंत जे किरण टिकून पोहोचतात ते सर्व ७० ते ९० अंशांच्या पट्ट्यातले असतात. त्याहून कमी कोनाचे किरण आधीच गळून गेलेले असतात. आता क्लॅडिंग काढून तेथे पाणी आले, तर पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ असल्यामुळे क्रांतिक कोन ६३ अंशांच्या आसपास येतो. दहा टक्के साखरेच्या द्रावणाचा अपवर्तनांक १.३४८ आहे, त्यामुळे तेथे हा कोन साडेचौसष्ट अंशांच्या जवळ जातो. ६३ असो वा साडेचौसष्ट, तुमच्याकडे ७० अंशांखालचा एकही किरण नाही. मग बाहेर कोण पडणार?

थोडक्यात, पाणी हे मूळ क्लॅडिंगपेक्षा अधिक चांगले क्लॅडिंग ठरते. सरळ फायबरचा घासलेला भाग प्रतिसाद देऊ लागेल तो द्रवाचा अपवर्तनांक मूळ क्लॅडिंगच्या अपवर्तनांकापलीकडे गेल्यावर, आणि साखरेच्या बाबतीत त्यासाठी द्रावण चाळीस टक्क्यांहून अधिक घट्ट असावे लागते. हवा आणि पाणी यांत तुम्हाला जो फरक दिसतो, तो बहुधा खरवडलेल्या पृष्ठभागावरील विकिरणाचा आहे. खडबडीतपणावरून होणारे विकिरण पाण्यात कमी होते, पण जो प्रकाश विखुरतो त्याला पाण्यात बाहेर पडणे सोपे जाते. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध चालतात, म्हणून अशा वाचनावर काहीही उभारू नये.

उपाय सोपा आहे: फायबरला वळण द्यावे. यू आकाराच्या वळणात किरण बाहेरच्या कडेवर आधीपेक्षा कमी कोनाने आदळतात. वळणाची आतली त्रिज्या पाच मिलिमीटर धरली आणि फायबरच्या मध्यातून वळणात शिरणारे किरण घेतले, तर सरळ भागात ७० ते ९० अंशांत असलेले किरण बाहेरच्या कडेवर साधारण ६० ते साडेसहासष्ट अंशांच्या पट्ट्यात येतात. पाण्याचे ६३ आणि साखरेच्या द्रावणाचे साडेचौसष्ट हे दोन्ही कोन नेमके याच पट्ट्यात पडतात. म्हणजे संहती वाढेल तसा या पट्ट्यातला एकेक भाग गळत जाईल आणि वाचन उतरत जाईल. फायबर मऊ होईल इतपतच गरम हवा देऊन ते एखाद्या गुळगुळीत धातूच्या दांड्याभोवती वळवावे आणि थंड होईपर्यंत तसेच धरून ठेवावे. थंड असताना जबरदस्तीने वळवल्यास आत ताण राहतो आणि वळण हळूहळू उलगडत जाते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. यू वळणावर केवळ अपवर्तनांक मोजायचा असेल तर क्लॅडिंग काढण्याची गरज नाही. समांतर थरांमधून जाताना अपवर्तनांक आणि कोनाची ज्या (साइन) यांचा गुणाकार कायम राहतो. त्यामुळे वळणावर कोअरमधून क्लॅडिंगमध्ये उतरलेला किरण पुढे द्रवात जाईल की परत फिरेल, हे कोअर आणि द्रव यांवरूनच ठरते, आणि मधल्या दहा मायक्रॉनच्या पारदर्शक थराने निकाल बदलत नाही. फक्त काळे आवरण वळणाच्या थोडे पुढेमागेपर्यंत काढावे. तुमची दुसरी अडचण, म्हणजे पाण्यात परतल्यावर जुने वाचन न मिळणे, तीही यातून बरीच सुटेल. पॉलिश पेपरने पडलेल्या ओरखड्यांत साखरेचे द्रावण अडकून बसते, तर मूळ क्लॅडिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्यावर पाणी फारसे चिकटत नाही. क्लॅडिंग काढायला काहीजण अॅसिटोन सुचवतात, पण त्यात पीएमएमए विरघळते आणि कोअरवर सूक्ष्म तडे जातात.

अर्धपारदर्शक

किरणमार्ग यांनी प्लॅस्टिक फायबरविषयी लिहिले ते योग्यच आहे. मी ग्रेटिंगच्या सल्ल्याविषयी लिहितो, कारण तो सल्ला सर्रास दिला जातो आणि बहुतेक वेळा अर्धवट असतो.

ब्रॅग ग्रेटिंग म्हणजे फायबरच्या कोअरमध्ये अपवर्तनांकाची नियमित चढउतार कोरलेली असते. काचेच्या फायबरमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने अशी रचना तयार होऊ शकते, हे १९७८ मध्ये केन हिल आणि त्यांच्या कॅनडातील सहकाऱ्यांनी दाखवले. ही रचना एकाच तरंगलांबीचे परावर्तन करते, आणि ती तरंगलांबी कोअरचा प्रभावी अपवर्तनांक व ग्रेटिंगचे अंतर (एका चढापासून पुढच्या चढापर्यंतचे) यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असते. १५५० नॅनोमीटरसाठी हे अंतर अर्ध्या मायक्रॉनहून थोडे अधिक येते. आता अडचण पाहा: एकपद्धती (सिंगल मोड, म्हणजे प्रकाश एकाच मार्गपद्धतीने वाहणाऱ्या) फायबरचा कोअर आठ-नऊ मायक्रॉनचा आणि क्लॅडिंग धरून व्यास १२५ मायक्रॉनचा असतो. कोअरमधला प्रकाश क्लॅडिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे बाहेर पाणी आहे की तेल, हे ब्रॅग ग्रेटिंगला कळण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला तापमान कळते, दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर, आणि ताण कळतो. द्रवात बुडवलेले साधे ब्रॅग ग्रेटिंग हे उत्तम तापमापक असते, एवढेच.

क्लॅडिंग हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून बारीक केले, तर कोअरमधल्या प्रकाशाला द्रव जाणवू लागतो. पण विद्यार्थ्याने एकट्याने हे करू नये. हे आम्ल त्वचेतून आत शिरते, शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते आणि आम्ल सौम्य असले तर वेदना बऱ्याच उशिरा जाणवते. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल आणि प्रशिक्षित व्यक्ती समोर नसेल, तर बाटली उघडूच नये. शिवाय कोरलेला तंतू इतका नाजूक होतो की त्याला द्रवात हलवतानाही भीती वाटते.

द्रवासाठी खरोखर उपयोगी पडते ते दीर्घ आवर्तनाचे ग्रेटिंग. त्याचे आवर्तन शंभर मायक्रॉन ते एक मिलिमीटर या टप्प्यात असते आणि ते कोअरमधला प्रकाश क्लॅडिंगच्या प्रवाहपद्धतींमध्ये (मोडमध्ये) उतरवते. क्लॅडिंगमधला प्रकाश बाहेरच्या कडेपर्यंत जात असल्यामुळे द्रव बदलला की वर्णपटातील खाच (जेथे प्रकाश कमी झालेला दिसतो ती तरंगलांबी) सरकते. मात्र येथेही एक मेख आहे. द्रवाचा अपवर्तनांक काचेच्या जवळ, म्हणजे १.४४ च्या आसपास येतो तेव्हा संवेदनशीलता झपाट्याने वाढते, आणि पाण्याजवळ ती बरीच कमी असते. तुमची सगळी द्रावणे पाण्याजवळची आहेत. त्यातच हे ग्रेटिंग वाकण्यालाही तितकेच हळवे असते, म्हणून ते ताणून बसवलेल्या धारकातच वापरावे लागते.

तिरके कोरलेले ब्रॅग ग्रेटिंग हा माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत सुरेख पर्याय आहे. त्याच्या वर्णपटात क्लॅडिंगच्या अनेक बारीक खाचा दिसतात, ज्या द्रवानुसार हलतात, आणि कोअरची एक खाच दिसते, जी द्रवाकडे दुर्लक्ष करून फक्त तापमान व ताण सांगते. दोघांतला फरक घेतला की फायबरवर होणारा तापमानाचा परिणाम वजा होतो. पण त्यासाठी पिकोमीटरपर्यंत तरंगलांबी वाचणारे उपकरण लागते, आणि तुमच्याकडे सध्या एलईडी व फोटोडायोड आहे. प्रकल्पाचा हेतू संहती मोजणे हा असेल, तर त्या उपकरणामागे लागू नये.

मोजपट्टी

वरील दोघांच्या मध्ये बसणारा एक मार्ग आहे आणि तो इतका साधा आहे की पुष्कळांना त्याला संवेदक म्हणायलाही संकोच वाटतो. काचेचे एकपद्धती फायबर सरळ कापावे, कापलेले टोक द्रवात बुडवावे आणि टोकावरून परत येणारा प्रकाश मोजावा. ग्रेटिंग नको, वळण नको.

१५५० नॅनोमीटरला काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४४४ असतो. हवेत टोकावरून साधारण ३.३ टक्के प्रकाश परत येतो. पाण्याचा अपवर्तनांक या तरंगलांबीला १.३१६ च्या आसपास असतो, म्हणून पाण्यात परावर्तन ०.२१ टक्क्यांवर उतरते. द्रावणात दहा टक्के साखर असल्यास अपवर्तनांक सुमारे ०.०१४५ ने वाढतो आणि परावर्तन ०.१७ टक्क्यांजवळ येते. प्रकाशाची मूळ पातळी क्षीण आहे हे खरे, पण पाण्याच्या तुलनेत हा बदल वीस टक्क्यांहून अधिक आहे, आणि तो पकडण्यासाठी फोटोडायोड व चांगले प्रवर्धक पुरेसे आहे. हवेतले वाचन हाच संदर्भ धरून द्रवातले वाचन त्याने भागले, म्हणजे स्रोताची तीव्रता, जोडणीतले नुकसान या गोष्टी बऱ्याच अंशी गुणोत्तरातून निघून जातात. कपलर (प्रकाश दोन फायबरांत वाटणारा जोड) वापरत असाल तर त्याच्या न वापरलेल्या टोकावरून येणारे परावर्तन मात्र मारावे लागते. त्यासाठी ते टोक घट्ट गुंडाळून ठेवतात किंवा काचेशी जुळणाऱ्या अपवर्तनांकाच्या जेलमध्ये बुडवतात. हे विसरले तर आपण द्रवाऐवजी त्या रिकाम्या टोकाचेच मापन करीत बसतो. टोकावर हवेचा एखादा बुडबुडा बसला तरी वाचन एकदम हवेकडे झुकते. हा दोष ओळखायला सोपा आहे, कारण इतकी मोठी उडी संहतीमुळे येऊच शकत नाही.

आता तापमानाविषयी, कारण प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही आणि मला ते खटकले. खोलीच्या तापमानाजवळ पाण्याचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००१ ने घटतो. साखरेची संहती एक टक्क्याने वाढली की तो सुमारे ०.००१४५ ने वाढतो. म्हणजे एका अंशाची चूक ही संहतीतली सुमारे ०.०७ टक्क्यांची चूक असते, आणि द्रावण दहा अंशांनी तापले तर ०.७ टक्के किंवा त्याहून थोडी अधिक चूक होते. तिरक्या ग्रेटिंगने तापमानाचा परिणाम वजा होतो, असे अर्धपारदर्शक यांनी लिहिले आहे. तो वजा होतो फायबरवरचा. द्रवाचा स्वतःचा अपवर्तनांक तापमानाने बदलतो, तो बदल तसाच राहतो. ग्रेटिंगमुळे तापमान कळते, एवढाच लाभ, आणि दुरुस्तीचे गणित आपल्यालाच करावे लागते. साध्या मांडणीत फायबरशेजारी एक थर्मिस्टर बुडवून ठेवला तरी तोच लाभ मिळतो.

आणि एक मर्यादा, जी कोणत्याही फायबरने ओलांडता येत नाही: अपवर्तनांक पदार्थ ओळखत नाही. दहा टक्के मिठाचे द्रावण आणि साधारण बारा टक्के साखरेचे द्रावण यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे आहेत. साखर आणि मीठ एकत्र असलेल्या द्रावणात एका वाचनावरून दोन संहती काढता येणार नाहीत. मद्यार्क व पाणी यांच्या मिश्रणात तर आणखी गंमत आहे. शुद्ध इथेनॉलचा अपवर्तनांक १.३६१ असतो, पण वजनाने ८० टक्क्यांच्या आसपासच्या मिश्रणाचा त्याहून थोडा अधिक असतो. म्हणजे आलेख वर जाऊन पुन्हा खाली येतो आणि एकाच वाचनाला दोन उत्तरे संभवतात.

द्रवनिरीक्षक

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. कोनांचा हिशेब वाचून सरळ भाग मुका का होता हे स्पष्ट झाले. क्लॅडिंग न काढता यू वळण करून पाहिले, आणि आता साखरेच्या प्रत्येक पायरीला वाचन उतरते व पाण्याने धुतल्यावर पूर्वपदावर येते. दोन गोष्टी अजून शिल्लक आहेत. एक म्हणजे, सकाळी आणि दुपारी पाण्यातलेच वाचन वेगवेगळे येते, जरी थर्मिस्टरनुसार द्रवाचे तापमान फारसे बदललेले नसते. दुसरे म्हणजे, पुढच्या टप्प्यात गढूळ द्रव मोजायचा आहे, ज्यात बारीक कण तरंगत असतात. त्यासाठी यू वळण चालेल की मोजपट्टी यांनी सुचवलेले कापलेले टोक बरे?

किरणमार्ग

सकाळ-दुपारच्या फरकाबाबत प्रथम एलईडीवर संशय घ्यावा. द्रव तापला नसला तरी एलईडी तापतो, आणि तापला की त्याची तीव्रता घटते. एलईडीच्या प्रकाशाचा काही भाग वळणाला न जाणाऱ्या दुसऱ्या फायबरमधून दुसऱ्या फोटोडायोडवर पाडावा आणि दोन्ही वाचनांचे गुणोत्तर नोंदवावे. एलईडी ठरावीक वारंवारितेने चालू-बंद करून त्याच वारंवारितेचा संकेत मोजला, तर खोलीतल्या दिव्यांचा आणि खिडकीतल्या उजेडाचा वाटाही गळून जातो. हे दोन उपाय केल्याशिवाय वळणाच्या त्रिज्येत फेरफार करू नयेत, नाहीतर नेमके कशाने काय बदलले ते कळणार नाही.

केबलला हात लागल्यावर वाचन बदलते, त्याचे कारण वेगळे आहे. केबल वाकली की किरणांची कोनांमधली वाटणी बदलते, आणि वळणाचा प्रतिसाद त्या वाटणीवरच अवलंबून असतो. एलईडीपासून वळणापर्यंतचा भाग पाटीवर पक्का चिकटवून टाकावा. त्या भागात दोन-तीन मोठ्या त्रिज्येची स्थिर वेटोळी दिली तर कोनांची वाटणी आधीच मिसळून स्थिरावते आणि बाहेरच्या हालचालीचा परिणाम कमी होतो.

पीएमएमए पाणी शोषते, हेही लक्षात असू द्यावे. नव्या वळणाला मोजणी सुरू करण्याआधी बराच वेळ पाण्यात मुरू द्यावे. मद्यार्काच्या द्रावणांसाठी हे फायबर टाळावे, कारण त्यात ते फुगते.

मोजपट्टी

गढूळ द्रवासाठी कापलेले टोक सुचवायला मी कचरतो. टोकातून बाहेर पडलेला ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश द्रवात शिरतो, कणांवरून विखुरतो आणि त्यातला थोडा जरी पुन्हा कोअरमध्ये शिरला तरी तो ०.२ टक्क्यांच्या परावर्तनात मिसळतो. कण फिरत असल्यामुळे वाचन थरथरत राहते. सरासरी घेतल्यावर थरथर जाते, पण भर पडलेला प्रकाश जात नाही.

यू वळणात गळालेला प्रकाश तिरका बाहेर जातो आणि परत कोअरमध्ये येण्याची शक्यता कमी असते, म्हणून गढूळपणाचा त्रास तुलनेने कमी होतो, जरी तो शून्य नसतो. खरे संरक्षण हवे असेल तर इव्हॅनेसंट लहरीवर चालणारी रचना घ्यावी, कारण पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या वेळी सीमेपलीकडे डोकावणारी ही लहर द्रवात काही शे नॅनोमीटरच आत जाते आणि त्यापलीकडच्या कणांची तिला दखल नसते. सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटरचा थर दिलेले प्लाझ्मॉन अनुनादाचे (ठरावीक तरंगलांबीला धातूतील इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून डोलतात, त्यावर आधारलेले) फायबर याच तत्त्वावर चालते. १९९३ मध्ये जॉर्गन्सन आणि यी यांनी क्लॅडिंग काढलेल्या काचेच्या फायबरवर तशी रचना दाखवली होती. तेथे मात्र फोटोडायोडऐवजी स्पेक्ट्रोमीटर लागेल, कारण मोजायची असते ती अनुनादाची सरकलेली तरंगलांबी. शिवाय थराला चिकटून बसणारे काहीही, मग ते प्रथिन असो वा शेवाळ, संहतीसारखेच वाचन देते, म्हणून दोन मोजण्यांच्या मध्ये संवेदक धुवून पाण्यातले मूळ वाचन तपासण्याची सवय तेथेही सोडता येणार नाही.

तुमच्या पुढच्या टप्प्यासाठी सध्याचेच यू वळण ठेवावे. साखरेची संहती तीच ठेवून गढूळपणा वाढवत नेणारी द्रावणांची एक मालिका आधी मोजावी. त्या मालिकेत वाचन किती हलते ते पाहून मगच सोन्याच्या थराचा विचार करावा.